खोट्या माहितीचा माग

डिजिटल माध्यमांतील अपप्रचाराचे संशोधक तीन प्रश्नांची उत्तरे शोधतात: मजकूर आला कुठून, पसरला कसा आणि त्याने लोकांचे मत बदलले का.

उगम अनेकदा अगदी साधा निघतो. २०१८ मध्ये मुले पळवणाऱ्या टोळीचा पुरावा म्हणून एक व्हिडिओ भारतभर फिरला. मोटारसायकलवरून आलेले दोघे रस्त्यावरचे मूल उचलून नेतात, एवढेच त्यात दिसे. मूळ व्हिडिओ कराचीत बालसुरक्षेच्या प्रचारासाठी तयार झाला होता. त्यात ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि पालकांना सावध करणारा फलक दाखवतात. तेवढाच भाग कापलेला होता. मुले पळवण्याच्या अशाच अफवांमुळे १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच निरपराध माणसांना जमावाने ठार मारले.

प्रसाराचा मोठा अभ्यास अमेरिकेतील एमआयटीच्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केला. ट्विटरवर २००६ ते २०१७ या काळात पसरलेल्या मजकुराच्या सुमारे १,२६,००० साखळ्या त्यांनी तपासल्या. १,५०० लोकांपर्यंत पोहोचायला खऱ्या बातमीला खोटीपेक्षा सुमारे सहापट वेळ लागत होता. स्वयंचलित खाती वगळली तरी हा फरक कायम राहिला. खोटी बातमी अधिक नवलाची वाटते आणि माणसेच ती पुढे ढकलतात.

व्हॉट्सअ‍ॅपवरचे संदेश कूटबद्ध असल्याने तिथला माग काढणे अवघड असते. त्यासाठी संशोधक सार्वजनिक गटांत सामील होतात किंवा लोकांच्या संमतीने त्यांच्या फोनवरचे फॉरवर्ड गोळा करतात. प्रत्येक चित्र लहान करून त्यातल्या उजेड-अंधाराच्या मांडणीवरून संगणक एक सांकेतिक ठसा तयार करतो. चित्राचा आकार बदलला किंवा दर्जा घसरला तरी ठसा फारसा बदलत नाही. त्यामुळे एकच चित्र किती गटांत फिरले, ते कळते.

उत्तर प्रदेशातील अशाच एका अभ्यासात सुमारे २,००० व्हायरल संदेशांपैकी जेमतेम १ टक्का एआयने बनवलेले निघाले. जुने फोटो नव्या मथळ्याखाली फिरवणे आजही सर्वांत स्वस्त पडते.

एआयचा खरा प्रभाव संवादात दिसतो. २०२५ च्या एका प्रयोगात ९०० जणांनी वादचर्चेत भाग घेतला. समोरच्याचे वय, शिक्षण, राजकीय कल अशी माहिती मिळाल्यावर, जिथे प्रभावात फरक पडला अशा चर्चांपैकी सुमारे ६४ टक्के चर्चांत जीपीटी-४ हे एआय मॉडेल माणसापेक्षा अधिक पटवून देणारे ठरले. हेच बळ चांगल्या कामीही येते. २०२४ च्या दुसऱ्या प्रयोगात पुराव्यांनिशी बोलणाऱ्या एआयने कटकारस्थानांवरचा विश्वास सरासरी २० टक्क्यांनी कमी केला आणि हा परिणाम किमान दोन महिने टिकला.

हे सारे मोजण्यासाठी कंपन्यांकडची माहिती लागते आणि तिची दारे बंद होत आहेत. संशोधक आणि पत्रकार वापरत असलेले क्राउडटँगल हे साधन मेटाने ऑगस्ट २०२४ मध्ये बंद केले. युरोपीय संघाच्या डिजिटल सेवा कायद्याने मात्र मोठ्या कंपन्यांना पात्र संशोधकांना माहिती देणे बंधनकारक केले आहे. लोकांचे मत घडवणाऱ्या यंत्रणांची स्वतंत्र तपासणी सर्वत्र व्हायची असेल, तर असे कायदेशीर बंधन इतर देशांनीही घालायला हवे.