पडद्यावरील चित्रांचें जतन

चिमाजीअप्पांनीं १७३९ सालीं जिंकलेल्या वसईच्या किल्ल्याचें छायाचित्र घरांत लावावें, असें नातवंडांच्या मनांत आलें. विकिमीडिया कॉमन्सवर तें दिसतांच आम्हीं माऊसची उजवी कळ दाबून, ‘सेव्ह इमेज ॲज’ निवडून संगणकांत उतरवून घेतलें. मोठें करून छापलें, तों तटाचे चिरेही ओळखूं येईनात! पानावर दिसते ती बहुधा लहान केलेली प्रत असते. तिजवर टिचकी मारून मूळ चित्र उघडावें व मगच जतन करावें. त्याच वेळीं संगणक नांव विचारतो. तेव्हां आळस न करितां स्थळ, साल व छायाचित्रकाराचें नांव लिहावें. आमच्या संग्रहीं निनांवी बुरूज पुष्कळ आहेत. त्यांतील वसईचा कोणता नि अर्नाळ्याचा कोणता, हें आतां आम्हांसच सांगवत नाहीं.