सेशनची मुदत किती असावी?

पहाऱ्यावरचा जवान परवलीचा शब्द विचारतो आणि खात्री पटली की आत सोडतो. पण तो शब्द कायमचा नसतो. ठरावीक वेळेनंतर बदलतो. वेबसाइटच्या 'सेशन'चेही तसेच आहे.

मानेसरहून सुट्टीवर निघताना गोवा एक्स्प्रेसचे तिकीट काढायला आपण आयआरसीटीसीच्या साइटवर लॉगिन करतो. मध्येच बराच वेळ काही केले नाही, तर पुन्हा लॉगिन करावे लागते. राग येतो, पण त्यामागे कारण आहे.

वेबचा एचटीटीपी हा नियम स्वतः काहीच लक्षात ठेवत नाही. म्हणून लॉगिन होताच सर्व्हर एक लांबलचक क्रमांक तयार करतो. तो आपल्या ब्राउझरच्या कुकीत राहतो आणि त्याच क्रमांकाची नोंद सर्व्हरकडे राहते. ही नोंद प्रत्येक क्लिकला लागते, म्हणून ती डिस्कऐवजी मेमरीत, म्हणजे कॅशेमध्ये ठेवतात. त्यासाठी २००३ मध्ये ब्रॅड फिट्झपॅट्रिक यांनी लिहिलेले 'मेमकॅशडी' आजही वापरात आहे.

संगणक क्लबमध्ये वेबसाइट बनवणाऱ्या कॅडेट्सनी चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१. मुदत सेकंदांत द्यायची असते. २० मिनिटे म्हणजे १,२००. मेमकॅशडीमध्ये ३० दिवसांपेक्षा, म्हणजे २५,९२,००० सेकंदांपेक्षा मोठा आकडा दिला, तर तो १ जानेवारी १९७० पासून मोजलेली तारीख समजला जातो. ४५ दिवसांसाठी ३८,८८,००० लिहिले, तर अर्थ होतो १५ फेब्रुवारी १९७०! नोंद तत्क्षणी बाद. शून्य दिले, तर मुदतच नाही.

२. मुदत दोन प्रकारची असते. एक प्रत्येक क्लिकला पुढे सरकते. दुसरी लॉगिनपासून मोजली जाते आणि वाढत नाही. दोन्ही एकत्र लावणे चांगले.

३. कुकीची मुदत संपली, तरी सर्व्हरवरची नोंद आपोआप जात नाही. चोरलेला क्रमांक तोवर चालतोच. म्हणून खरी मुदत सर्व्हरवर लावावी, आणि 'लॉगआउट' दाबताच तिथली नोंद पुसावी.

४. मेमरी भरली की बराच काळ न वापरलेल्या नोंदी मुदतीआधीच काढल्या जातात. मेमकॅशडी बंद पडले तर साऱ्याच जातात. म्हणून भरलेला फॉर्म किंवा रजेचा अर्ज डेटाबेसमध्ये ठेवावा. कॅशेत फक्त ओळख असावी.

मुदत फार कमी ठेवली, तर अर्धवट भरलेला अर्ज हातातून जातो. फार जास्त ठेवली, तर लॅबमध्ये त्याच संगणकावर बसणाऱ्या पुढच्या कॅडेटला तुमचे गुण आणि घरचा पत्ता उघडा दिसू शकतो. म्हणून साध्या माहितीच्या पानाला सैल मुदत चालेल. पैसे, गुण आणि पत्ते असतील तिथे ती आवळावी.

पालकांनीही एक लक्षात ठेवावे: खिडकी बंद करणे म्हणजे लॉगआउट नव्हे. सायबर कॅफेत किंवा दुसऱ्याच्या संगणकावर फी भरल्यावर 'लॉगआउट' दाबूनच उठावे.