स्वस्त कंपोनंट टेस्टर : आतून आणि बाहेरून

छताचा पंखा नुसता गुणगुणतो आणि पाते हाताने ढकलल्यावरच फिरू लागतो, तेव्हा दोष बहुधा कपॅसिटरचा असतो. पण टीव्हीचा किंवा इन्व्हर्टरचा बोर्ड बंद पडला, तर एवढ्या सरळ खुणा मिळत नाहीत. कर्नाटकातील आळंदसारख्या सीमाभागातील तालुक्याच्या गावी कमी खपाचा एखादा सुटा भाग मिळाला नाही, तर त्यासाठी सुमारे ४० किलोमीटरवरील कलबुर्गी गाठावी लागते. कोणता भाग निकामी झाला हे आधीच कळले, तर ती खेप फुकट जात नाही. काही शे रुपयांना मिळणारा कंपोनंट टेस्टर उपयोगी पडतो तो येथे.

बाहेरून पाहता त्यात एक सॉकेट, एक बटण आणि छोटा पडदा, एवढेच दिसते. यामागील मूळ कल्पना जर्मनीतील मार्कुस फ्रेयेक यांची. कार्ल-हाइन्झ क्युबेलर यांनी ती पुढे वाढवली आणि आराखडा सर्वांसाठी खुला राहिला. चिनी कारखान्यांनी त्याच्या असंख्य नकला बाजारात आणल्या.

आत मुख्य काम एटीमेगा ३२८ किंवा त्याच जातीचा मायक्रोकंट्रोलर करतो. १, २ आणि ३ या तिन्ही टोकांना प्रत्येकी दोन रेझिस्टर जोडलेले असतात, एक ६८० ओहमचा आणि दुसरा ४ लाख ७० हजार ओहमचा. कोणत्या टोकाला ५ व्होल्ट द्यायचे, कोणते शून्यावर न्यायचे आणि कोणते मोकळे ठेवायचे, याच्या सहा जुळण्या होतात. त्या साऱ्या करून पाहत मायक्रोकंट्रोलर व्होल्टेज मोजतो आणि त्यावरून ट्रान्झिस्टरचा बेस कोणता, कलेक्टर कोणता हे ठरवतो. त्यामुळे भाग उलटा लावला तरी बिघडत नाही. ५ व्होल्टचे तो १०२४ भाग पाडतो, म्हणजे एक पायरी जेमतेम ५ मिलिव्होल्टची. कपॅसिटर भरायला किती वेळ लागतो, यावरून त्याची क्षमता काढली जाते. जुन्या इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरची क्षमता कधी ठीक दिसते, पण अंतर्गत रोध वाढलेला असतो. तो दोषही येथे उघड होतो, आणि साध्या मल्टिमीटरहून या यंत्राचे मोल अधिक आहे ते याचसाठी.

सर्वांत मोठा धोका भरलेल्या कपॅसिटरचा. मायक्रोकंट्रोलरच्या टोकांना फारसे संरक्षण नसते. वीजभार उतरवल्याशिवाय कपॅसिटर सॉकेटमध्ये घातला, तर यंत्र त्याच क्षणी निकामी होऊ शकते. उतरवण्यासाठीही दोन टोके स्क्रूड्रायव्हरने जोडून ठिणगी पाडू नये; योग्य रेझिस्टर वापरावा. भाग बोर्डावरच असताना मोजला, तर शेजारच्या भागांमुळे आकडा फसवा येतो. किमान एक पाय तरी सोडवून घ्यावा.

आणखी एक मर्यादा आहे. पंख्याच्या २.५ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरवर ४४० व्होल्ट छापलेले असते. टेस्टर मात्र त्याला ५ व्होल्टांवरच तपासतो. आकडा दोनच्याही खाली आला, तर कपॅसिटर नक्की बदलावा. आकडा बरोबर आला, तरी २३० व्होल्टांवर तो टिकेलच असे हे यंत्र सांगत नाही.