गोळी आधी की नळी? रायफलचं काडतूस घरी भरणाऱ्या नवशिक्यासाठी

आजचा विषय जरा वेगळा आहे. रायफलचं वापरलेलं काडतूस घरी पुन्हा भरायचं, ज्याला अमेरिकेत ‘रिलोडिंग’ म्हणतात, त्यात नवशिक्यानं गोळी आणि बाकीचं सामान कसं निवडावं, यावर आज बोलायचं आहे.

आधी कायद्याचं सांगतो. अमेरिकेत स्वतःच्या वापरापुरती काडतुसं भरायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही. राज्यांचे नियम वेगळे असतात, ते पाहावेत. भारतात मात्र १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणं हा गुन्हा आहे. त्यामुळे तिकडे राहणाऱ्यांनी हे कामाचं म्हणून ऐकावं, इकडच्यांनी समजून घेण्यासाठी.

आपण बोलताना अख्ख्या काडतुसालाच ‘गोळी’ म्हणतो. खरं तर काडतुसात चार वस्तू असतात. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी बसवलेली ठिणगी देणारी टोपी म्हणजे प्रायमर, आत बारूद, आणि तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी. बार उडाला की गोळी, बारूद आणि प्रायमर खर्ची पडतात, पुंगळी उरते. तीच पुन्हा वापरायची, हा सगळा खटाटोप त्यासाठी.

सगळ्याच पुंगळ्या भरता येत नाहीत. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवलं. त्या स्पर्धेतलं .२२ चं काडतूस ‘रिमफायर’ असतं. त्यात वेगळी टोपी नसते, ठिणगी देणारा मसाला बुडाच्या कडेतच भरलेला असतो. ते एकदाच वापरायचं. आपण बोलतोय ते मधोमध टोपी असलेल्या, सेंटरफायर काडतुसाबद्दल.

आता नवशिक्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: “सगळ्यात चांगली गोळी कोणती?” दुकानातल्या फळीवर शेकडो डबे असतात, त्यामुळे प्रश्न साहजिक आहे. पण या प्रश्नाला उत्तर नाही. आधी आपल्या रायफलीला विचारायचं, मग फळीकडे बघायचं.

पहिली गोष्ट व्यास. काडतुसाच्या नावावरून तो ओळखायला जाऊ नका. .३०८ विंचेस्टरची गोळी खरोखर ०.३०८ इंचाची असते, पण .२२३ रेमिंग्टनला ०.२२४ इंचाची लागते. आणि आपल्या पोलिसांच्या खांद्यावर वर्षानुवर्षं दिसलेली ती थ्री-नॉट-थ्री? तिची गोळी ०.३११ ते ०.३१२ इंचाची. नाव हे नाव असतं, माप पुस्तकात बघायचं.

दुसरी गोष्ट, आणि हीच बहुतेकांच्या नजरेतून सुटते: नळीचा पीळ. रायफलीच्या नळीत आतून पीळदार चर असतात, ते गोळीला गरगर फिरवतात. विटी हवेत कोलांट्या खात जाते आणि भोवरा फिरता फिरता सरळ उभा राहतो, तोच हा फरक. १२ इंचात गोळीचा एक फेरा होत असेल तर तो १ः१२ चा पीळ. ७ इंचात होत असेल तर १ः७, म्हणजे जास्त घट्ट. गोळी जितकी लांब, तितका घट्ट पीळ लागतो. जॉर्ज ग्रीनहिल या इंग्रज गणितज्ञानं १८७९ मध्येच यासाठी सोपं सूत्र बसवलं होतं, आणि त्यात गोळीची लांबी मध्यवर्ती आहे.

उदाहरण घ्या. .२२३ ची जुनी, १ः१२ पिळाची रायफल ५५ ग्रेनची गोळी छान फेकते. (ग्रेन म्हणजे पौंडाचा ७,००० वा भाग, सोनाराच्या गुंजेच्या साधारण निम्मा.) त्याच रायफलीत कोणी “लांब पल्ल्याला उत्तम” म्हणून ७७ ग्रेनची लांबोडकी गोळी घातली, तर ती हवेत आडवी होते. कागदावर गोल भोकाऐवजी लांबट फट दिसते. गोळी उत्तमच होती, या नळीसाठी नव्हती. तिला १ः८ किंवा त्याहून घट्ट पीळ लागतो.

इथे तांब्याचा मुद्दा येतो. मेलेल्या जनावरांतलं शिसं खाऊन कॅलिफोर्नियातली काँडोर गिधाडं मरत होती. त्यामुळे तिथे १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्यांना राज्यभर बंदी आहे. पर्याय अखंड तांब्याच्या गोळीचा. पण तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते. लांब झाली की पीळ पुन्हा तपासायला हवा.

तिसरी गोष्ट काम. कागदावर नेम धरायचा असेल तर टोकाला बारीक पोकळी असलेली ‘मॅच’ गोळी अचूक असते. शिकारीत मात्र ती कशी फुटेल याचा भरवसा नाही. जनावर जखमी होऊन तडफडत राहतं. शिकारीसाठी ठरावीक पद्धतीनं फुलणारी गोळीच घ्यायची. शिवाय टोकाचा आकार बघा. १८९५ पासून चालत आलेल्या .३०-३० विंचेस्टरच्या बहुतेक रायफलींत काडतुसं नळीसारख्या मॅगझिनमध्ये एकामागे एक बसतात. मागच्या गोळीचं टोक पुढच्याच्या प्रायमरला टेकतं. तिथे टोकदार कडक गोळी घातली तर धक्क्यानं आतच बार उडू शकतो. म्हणून त्यात चपट्या टोकाची गोळी वापरतात.

गोळी ठरली, आता बाकीचं सामान. पुंगळी ‘बॉक्सर’ प्रकारच्या टोपीची घ्या. तिच्या बुडाला मधोमध एकच छिद्र असतं, त्यामुळे जुनी टोपी सुईनं सहज निघते. ‘बर्डन’ प्रकारात सहसा दोन छिद्रं असतात, त्यात नवशिक्यानं पडू नये. गंमत अशी की बॉक्सर इंग्रज आणि बर्डन अमेरिकन, पण अमेरिकेत चालतो तो बॉक्सरच. पुंगळ्या एकाच कंपनीच्या ठेवा. लष्करी पुंगळीची भिंत बऱ्याचदा जाड असते. आत जागा कमी, म्हणजे तेवढ्याच बारुदाला दाब जास्त.

दाब म्हणजे किती? .३०८ विंचेस्टरची कमाल मर्यादा दर चौरस इंचाला ६२,००० पौंड आहे. मोटारीच्या टायरमध्ये तो तीसेक पौंड असतो. आणि हा स्फोट तुमच्या गालापासून वीतभर अंतरावर होतो. डोळा आणि बोटं पणाला लागलेली असतात, म्हणून बारुदाच्या बाबतीत अंदाजपंचे काही करायचं नाही.

बारूद जलद जळणारी असते, सावकाश जळणारी असते. पिस्तुलाची जलद बारूद रायफलच्या पुंगळीत गेली तर रायफल फुटते. नावंही फसवतात. एच-४८९५ आणि आयएमआर-४८९५, आकडा एकच, पण बारूद दोन वेगवेगळ्या. एकीचं माप दुसरीला लावायचं नाही. टेबलावर एका वेळी एकच डबा उघडा ठेवावा तो यासाठीच.

मग माप कुठून घ्यायचं? गोळी बनवणाऱ्या सिएरा, हॉर्नेडी, नॉस्लर, स्पीअर अशा कंपन्या प्रयोगशाळेत तपासलेली पुस्तकं काढतात. प्रत्येक नोंदीत गोळी, पुंगळी, प्रायमर, बारूद, एकूण लांबी, आणि बारुदाची सुरुवातीची व कमाल अशी दोन वजनं असतात. ती नोंद जशीच्या तशी उचलायची. सुरुवातीच्या वजनापासून चढायचं, त्याच्याखालीही उतरायचं नाही. मित्रानं सांगितलेलं माप त्याच्या रायफलीचं असतं.

आणि एक वस्तू बदलली, भले ती नुसती टोपी असो, तर पुन्हा पहिल्या पायरीवर. प्रायमर संपले, दुसऱ्या कंपनीचे मिळाले, “एवढ्यानं काय होतंय” म्हणून कमाल मापाला तेच बसवले, आणि मर्यादा ओलांडली गेली, असं होऊ शकतं. चारही वस्तू मिळून एक दाब तयार करतात. एकटीला कोणीही ओळखत नाही.

म्हणून खरेदीचा क्रम असा ठेवा: आधी पुस्तक, मग नळीवर कोरलेला पीळ, मग काम, आणि शेवटी गोळीचा डबा. पीळ कोरलेला नसेल तर रायफलीच्या कंपनीला विचारा. पहिलं वर्षभर एकच काडतूस, एकच गोळी, एकच बारूद. कंटाळवाणं वाटेल, पण कागदावर काय बदललं आणि का बदललं, हे तेव्हाच कळतं. आता तुमचे प्रश्न घेऊ.