भिलाईच्या शेजारची मातीची घरे

भिलाई म्हटले की पोलाद आठवते. १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले आणि भाताच्या खाचरांत सेक्टर उभे राहिले. नोकरीच्या निमित्ताने तिकडे गेलेल्या मराठी कुटुंबांची नातवंडे आता त्याच क्वार्टरांच्या अंगणात खेळतात. पण सेक्टर संपले की दुर्ग जिल्ह्यातली खेडी सुरू होतात. तिथली शेतकऱ्याची घरे बघायला कोणी मुद्दाम जात नाही. जायला हवे.

हे घर एका दमात बांधलेले नसते. सुरुवातीला एक खोली आणि पुढे परछी, म्हणजे आपली ओसरी. मातीचा एक थर घालायचा, तो वाळू द्यायचा, मग त्यावर दुसरा. घाई केली तर भिंत बसते. वर सरईची किंवा बांबूची लाकडे आणि कुंभाराने हाताने घडवलेले खपरे. थोरल्याचे लग्न ठरले की एका बाजूला खोली निघते, धाकट्याचे ठरले की दुसऱ्या बाजूला. पुढे गुरांचा कोठा, मागे भाजीची बारी, कडेला मळणीचा बियारा. होता होता चारही बाजू मिटतात आणि मधे अंगण उरते.

म्हणूनच असे घर वाचता येते. जुन्या भिंतीला नवी टेकते तिथे उभी चीर दिसते. एका खोलीची जमीन चार बोटे वर, दुसरीची खाली. दार जितके ठेंगणे तितकी खोली बहुधा जुनी. आणि अंगणाच्या मधोमध अचानक एखादी भिंत आडवी आली, तर चुली कधीतरी वेगळ्या झाल्या, हे कोणी सांगावे लागत नाही!

भोसल्यांपासून बाड्यांपर्यंत

या मुलखाशी आपला संबंध जुना. बिंबाजी भोसले १७५८ पासून १७८७ पर्यंत रतनपूरहून छत्तीसगडचा कारभार पाहत होते. १८५४ साली नागपूरचे राज्य इंग्रजांनी खालसा केले. त्यानंतरच्या जमाबंदीत गावाचा सारा गोळा करणाऱ्यांना गावाची मालकी मिळाली. हेच मालगुजार. त्यांची घरे फुगली, उंच दरवाजे आले, धान्याची कोठारे आली, आणि घराला लोक ‘बाडा’ म्हणू लागले. १९५१ साली मालगुजारी गेली. उत्पन्न आटले, वारस वाढले, आणि एकेका बाड्यात अनेक बिऱ्हाडे झाली.

अशी वाढणारी घरे जगभर आहेत. वेल्समधल्या कार्डिफजवळ सेंट फॅगन्स येथे १९४८ पासून एक खुले संग्रहालय आहे. जुनी घरे उतरवून तिथे पुन्हा उभी केली आहेत. त्यातले किलेवेंटचे शेतघर पंधराव्या शतकातले, मुळात लाकडी. १७३४ साली ते दगडात पुन्हा बांधले गेले. माणसे आणि गुरे एकाच छपराखाली राहत, एकाच दाराने आत येत. दुसरे, केनिक्स्टनचे, सतराव्या शतकाच्या आरंभीचे आणि पुढे दोनदा वाढवलेले. त्याच्या भिंती लालभडक आहेत, कारण लाल रंगाने वाईट शक्ती दूर राहतात अशी समजूत होती. छत्तीसगडात हरेलीला, म्हणजे आपल्याकडच्या दिव्यांच्या अवसेला, घराच्या भिंतींवर शेणाने ‘सवनाही’च्या आकृत्या काढतात. त्याही त्याचसाठी.

आता काय होते आहे?

२०१६ पासून प्रधानमंत्री आवास योजनेत खेड्यांतल्या कुटुंबांना सपाट प्रदेशात १ लाख २० हजार रुपये मिळू लागले. घर किमान २५ चौरस मीटरचे, आणि पक्के. सिमेंट दूर नाही. भिलाईला लागून जामूलचा कारखाना १९६५ पासून आहे. नवी खोली जुन्या घराला खेटून उभी राहते आणि मातीच्या खोलीत हळूहळू कडबा, मोडकी खाट, रिकामी पोती जातात. शाकारणी थांबली, माकडांनी दहा खपरे फोडले, की दोन पावसाळ्यांत भिंत खाली.

पक्के घर मागणाऱ्यांना नावे ठेवणे मला पटत नाही. दरवर्षी दिवाळीआधी छुही मातीने सारी भिंत पोतारायची ती घरातल्या बाईने. पावसात भिंत कोसळली तर जीव जातो तो त्याच घरातला. हे हौशी पाहुण्यांनी विसरू नये. तरीही मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर गेला की दोन हात जाडीची मातीची भिंत काय करते, ते सिमेंटच्या छताखाली दुपार काढणाऱ्याला विचारावे.

खरे नुकसान अर्धवट दुरुस्तीने होते. मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला की आतली ओल बाहेर पडत नाही. भिंत आतून सुटते आणि गिलावा पापुद्र्यासारखा गळतो. मातीला मातीचाच किंवा चुन्याचा गिलावा मानवतो. जोत्याशी पाणी साचू द्यायचे नाही आणि छपराची पाखी पुरेशी पुढे काढायची.

आणि पाडायचेच ठरले तर? तुमच्या गावाकडचे घर असो की दुर्गजवळचे, आधी एक दिवस काढा. टेपने खोल्या मोजा, कागदावर नकाशा काढा, लाकडांचे आणि दारांचे फोटो घ्या. घरातल्या सर्वांत वृद्ध आजींना शेजारी बसवा आणि प्रत्येक खोलीवर लिहा: ही कोणाच्या लग्नात निघाली, इथे कोण जन्मले, ही भिंत कोणत्या वाटणीची. चांगली लाकडे विकू नका. नव्या घराच्या परछीला ती चालतात.