उडी पाण्यातली, मोजपट्टी जमिनीवरची

वॉटर पोलोचा गोलकीपर कमरेपर्यंत पाण्याबाहेर उसळलेला दिसला, की पाहणाऱ्याचा पहिला तर्क ठरलेला: तळाला पाय टेकवून उडी मारली असणार! ऑलिंपिकसाठी तलाव सगळीकडे किमान २ मीटर खोल लागतो. गोलकीपरला आपल्या क्षेत्रात तळावरून उडी मारायची मुभा आहे, इतरांना तीही नाही. पण एवढ्या खोलीत तो तळ गाठून वर येईपर्यंत चेंडू जाळ्यात गेलेला असतो.

मग उसळी येते कुठून? विहिरीत पोहायला शिकलेल्यांना ‘उभं पोहणं’ ठाऊक असतं. त्याचंच हे कसलेलं रूप. मांड्या फाकवून गुडघ्याखालचे पाय आळीपाळीने गोल घुसळत राहायचे. अंडी फेटायच्या यंत्रावरून याला ‘एगबीटर’ हे नाव पडलं. उसळताना मात्र दोन्ही पाय बेडकासारखे एकदम झटकले जातात आणि हातही पाणी खाली दाबतात. पाणी जमिनीसारखं घट्ट नाही, रेटलं की निसटतं. त्यामुळे सगळी भिस्त पावलांच्या वेगावर: वेग दुप्पट झाला तर पाण्याचा रेटा साधारण चौपट.

जमिनीवर उंच उडणारा पाण्यातही उंच उसळेल, हा समज जास्त नुकसान करतो, कारण त्यावर खेळाडूंची निवड होऊ शकते. ग्रीसचे थिओडोरोस प्लाटानू यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वॉटर पोलो खेळाडूंच्या दोन्ही उड्या मोजल्या. त्यांच्यातला संबंध क्षीण निघाला. नवल नाही, खुब्याची लवचीकता आणि पाणी ‘पकडणारं’ पाऊल यांची परीक्षा जमिनीवर होतच नाही.

जमिनीवरची उपकरणंही इथे निकामी ठरतात. उडी मोजायची चटई खेळाडू हवेत किती वेळ होता ते टिपते आणि त्यावरून उंची काढते. अर्धा सेकंद म्हणजे सुमारे ३१ सेंटिमीटर. वॉटर पोलोपटूचे पाय पाण्यातच राहतात. तो ‘हवेत गेला’ कधी म्हणायचं? शिवाय शरीर जसजसं वर येतं तसतसा पाण्याचा आधार कमी होतो आणि वजन परत अंगावर येतं. चटईमागचं गणित या गोष्टी धरतच नाही.

त्यापेक्षा साधा उपाय बरा. पाण्यावर खुणा केलेली पट्टी टांगायची आणि खेळाडूने तिला जास्तीत जास्त उंच हात लावायचा, किंवा बाजूने चित्रण करून उंची मोजायची. इथे हाताच्या लांबीचा घोळ होतो. पायांची ताकद तोलायची असेल तर ती लांबी वजा करावी. गोलकीपरच्या बाबतीत मात्र हात पोहोचला कुठे, एवढंच पाहावं. गोलचा आडवा दांडा पाण्यापासून ९० सेंटिमीटरवर असतो आणि तो कुणाच्या हाताची लांबी वजा करत नाही. गोल ३ मीटर रुंद असल्याने मध्यावरून वरचा कोपरा तिरका सुमारे पावणेदोन मीटर पडतो. म्हणजे सरळ वरच्या उसळीचा एकटा आकडा गोलकीपरबद्दल अर्धीच गोष्ट सांगतो.

प्रशिक्षकांनी वहीत उंची लिहिताना शेजारी एवढं जरूर नोंदवावं: उसळीआधी पाय फिरत होते की नाही, दुसरा हात पाण्यात होता की बाहेर, आणि उंची पाण्यापासून मोजली की हाताची लांबी वजा करून.