काडी, डबी आणि तव्यावरचा स्टेक
(एस. वाय. बी. ए.)

वार्षिक अंकासाठी लेख द्यायचा तर तो निसर्गावर, मैत्रीवर किंवा निदान आजच्या तरुणाच्या कर्तव्यावर असावा, असा आपल्याकडे संकेत आहे. मी मात्र लिहिणार आहे तो दातकोरणीच्या काड्यांच्या डबीवर आणि घरी भाजायच्या स्टेकवर. वाचकांनी खुशाल हसून घ्यावे. पण हसून झाल्यावर पुढे वाचावे. कारण या दोन्ही गोष्टींची गाठ शेवटी आपल्याच दातांशी आहे.

या विषयाशी माझा संबंध पोटापाण्याचा. कॉलेज सुटले की संध्याकाळी सहा ते अकरा मी एका हॉटेलात काम करतो. टेबले पुसणे, पाणी देणे आणि गिऱ्हाईक येण्यापूर्वी प्रत्येक टेबलावरची काड्यांची डबी भरणे, हे माझे काम. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच, आणि काटा-सुरीचे टेबल जवळून पाहणाराही पहिलाच. ही मोठ्या लोकांची विद्या जन्मानेच येत असावी, असे कोणालाही वाटेल. परंतु तसे काही नसते. प्रत्येक रीतीमागे एक साधे कारण असते आणि ते कळले की रीत परकी राहत नाही. एवढेच मला सांगायचे आहे.

प्रथम काडीविषयी. दात कोरणे ही काही साहेबाची देणगी नव्हे. निअँडरथल मानवाच्या दातांवरसुद्धा काडी घासल्याच्या खाचा सापडल्या आहेत. आपल्याकडे चांदीची दातकोरणी व कानकोरणी एकाच कडीत अडकवून जवळ बाळगीत असत. पोर्तुगालमध्ये १९व्या शतकात टेबलावर काड्या खोचून ठेवण्यासाठी पशुपक्ष्यांच्या आणि माणसांच्या आकृतींची चांदीची पात्रे घडवली जात. अमेरिकेत चार्ल्स फॉर्स्टर नावाच्या गृहस्थाने त्याच शतकात यंत्राने काड्या पाडण्याचा धंदा उभारला. त्या काळी फुकटची काडी विकत कोण घेणार? तेव्हा त्याने म्हणे हार्वर्डच्या विद्यार्थ्यांना पदरचे जेवण देऊन हॉटेलात पाठवले आणि जेवण झाल्यावर मोठ्याने काड्या मागायला लावले! कॉलेजच्या पोरांचा असाही उपयोग होतो. पुढे मेन राज्यातील स्ट्राँग हे गाव काड्यांची राजधानी म्हणून प्रसिद्धीस आले. तेथील शेवटचा कारखाना २००३ साली बंद झाला.

आमच्या गावी दातकोरणी म्हणजे खराट्याची काडी, आगकाडी, नाही तर आईच्या बांगडीला अडकवलेली सेफ्टी पिन. माझ्या वडिलांनी आयुष्यभर पिनच वापरली. आज त्यांच्या दाढा हलतात. सगळा दोष पिनेचा नाही, तंबाखूचाही आहे. परंतु हिरडीत धातूचे टोक रोज खुपसल्याने हिरडीचे भले होत नाही, हे उघड आहे. दातांचे डॉक्टर तर लाकडी काडीपेक्षाही दातांमध्ये फिरवायचा दोरा बरा म्हणतात. ज्याला काडीच हवी, त्याने ती हलक्या हाताने, दाताला घासून वापरावी. हिरडीत टोचू नये.

आता डबी. रोज डझनभर डब्या भरणाऱ्याचे अनुभवाचे बोल म्हणून पुढील गोष्टी ध्यानात घ्याव्यात. काडी साधारण साडेसहा सेंटिमीटर लांब असते. म्हणून उघडी डबी घेतली तर तिची आतली खोली पाच सेंटिमीटरच्या आसपास असावी. म्हणजे काडीचे डोके चिमटीत येते आणि दुसऱ्या काड्यांना बोट लागत नाही. बूड जड व रुंद असावे, नाही तर कोपर लागताच काड्या वरणात. घरात लहान मुले आणि पावसाळ्याची दमट हवा असेल, तर झाकणाची, छिद्रातून एकच काडी बाहेर येईल अशी डबी उत्तम. ओल लागलेल्या काडीला बुरशी येते. म्हणून डबी धुऊन, पूर्ण वाळवून मगच भरावी. जुन्या काड्यांवर नव्या ओतू नयेत. खालच्या काड्या वर्षानुवर्षे तशाच राहतात. काच आणि स्टील धुवायला सोपे. कोरीव लाकूड दिसायला सुंदर, पण त्याच्या खाचांत मळ बसतो. किल्लीएवढी लांबट नळकांडी मिळते, ती प्रवासाला सोयीची.

मुलांचा उल्लेख केला तो उगाच नव्हे. गिळलेली काडी आतड्याला भोक पाडू शकते. अमेरिकन कथाकार शेरवूड अँडरसन १९४१ साली पनामात वारला तो पोटात गेलेल्या अशाच एका काडीमुळे. तोंडात काडी धरून बोलत बसण्याची ऐट ज्यांना आवडते, त्यांनी हे जरूर लक्षात ठेवावे.

डबी कितीही चांगली असली, तरी दातांत काय अडकायचे ते स्वयंपाकघरातच ठरते. येथे स्टेकचा विषय येतो. स्टेक म्हणजे मांसाचा जाड, सपाट, बहुधा तंतूंना आडवा कापलेला तुकडा, थोडा वेळ कडक आचेवर भाजलेला. मूळचा हा युरोप-अमेरिकेतील गोमांसाचा पदार्थ. महाराष्ट्रात गाईबरोबर बैल व वळू यांच्या कत्तलीवरही २०१५ पासून बंदी आली. त्यामुळे येथे तो म्हशी-रेड्याच्या मांसाचा करतात. ज्यांना हे चालत नाही, त्यांनी करू नये; पण कारणे वाचायला हरकत नाही. शास्त्र शाकाहारीच असते!

जनावराच्या ज्या स्नायूला कष्ट पडतात, तो चिवट होतो. पाठीच्या कण्याच्या आतील बाजूचा स्नायू फारसे काम करीत नाही, म्हणून तो सर्वांत मऊ. पाय दिवसभर राबतात. त्यांच्या मांसात कोलॅजेन नावाचा चिवट पदार्थ भरपूर असतो. मऊ मांस थोडा वेळ भाजावे, कारण जास्त आचेने त्याचे तंतू आखडतात व रस पिळून निघतो. चिवट मांस मात्र पाण्यात मंद आचेवर बराच वेळ शिजवावे. म्हणजे कोलॅजेनचे जिलेटिन होते आणि तुकडा सुटतो. आपल्या आया बोकडाच्या मटणाला कच्ची पपई लावतात, त्यामागेही शास्त्र आहे: पपईतील पपेन हे द्रव्य मांसातील प्रथिने तोडते.

घरी करायचा तर तुकडा अडीच सेंटिमीटर जाड घ्यावा. भाजण्याआधी पाऊण-एक तास मीठ लावून ठेवावे आणि मग स्वच्छ फडक्याने कोरडा टिपावा. ओला तुकडा आधी उकडतो आणि मग भाजतो; कारण पाणी आटेपर्यंत त्याचा पृष्ठभाग शंभर अंशांच्या वर जात नाही. खमंग तपकिरी रंग यायला साधारण एकशे चाळीस अंश लागतात. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मेयार याने १९१२ साली या क्रियेचे वर्णन केले. भाकरीचा पापुद्रा खरपूस होतो तोही तिच्यामुळेच. जाड लोखंडी तवा खूप तापवावा, थोडे तेल सोडावे आणि दोन्ही बाजू तीन-चार मिनिटे भाजाव्या. भाजल्याने रस आत कोंडला जातो, हे १९व्या शतकातील लीबिग या जर्मन शास्त्रज्ञाचे मत अजून ऐकू येते. ते चुकीचे आहे. भाजायचे ते चवीसाठी. अमेरिकन सरकारचा सल्ला आतील तापमान ६३ अंश आणि त्यानंतर तीन मिनिटे विश्रांती असा आहे. खिम्यासाठी ७१ अंश. कापल्यावर येणारे लाल पाणी रक्त नव्हे, तो मायोग्लोबिन या स्नायूतील द्रव्याचा रंग. शेवटी सुरी तंतूंना आडवी चालवावी. तंतू आखूड झाले की चावणे सोपे जाते आणि दातांत धागे कमी अडकतात. आमच्या टेबलांवर नीट कापलेला स्टेक जातो, त्या दिवशी डबीही कमी रिकामी होते.

स्टेक म्हणजे सुसंस्कृत आणि रस्सा म्हणजे गावंढळ, असे मानणारे आपल्यातही आहेत. वरील कारणे पाहता या मताला काही आधार उरत नाही. मऊ तुकडा ज्याच्या वाट्याला आला, त्याने तवा तापवला. पाय आणि मान ज्यांच्या वाट्याला आली, त्यांनी हंडी चढवली. दोघांनीही आपल्या हाती आलेल्या मांसाला योग्य तेच केले. उलट, कमी मोलाच्या तुकड्यातून गोडी काढणे हेच अधिक कसबाचे काम, असे माझे प्रांजळ मत आहे.

गेल्या सुट्टीत घरी जाताना मी झाकणाची एक साधी काचेची डबी नेली आणि आईला मटण आणखी तासभर मंद आचेवर ठेवायला सांगितले. ती म्हणाली, "कॉलेजात हेच शिकवतात होय रे?" वडिलांनी बऱ्याच दिवसांनी दोन फोडी चावून खाल्ल्या. हलत्या दाढांना काडी हे औषध नव्हे. त्यासाठी त्यांना दातांच्या डॉक्टरांकडे नेणार आहे. तोपर्यंत पिन मात्र बांगडीलाच राहू दे, असे आईला बजावून आलो आहे.